सगळा खेळ चौदा अंशांचा

धुळ्याहून जळगावला निघाले की फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावे मागे पडत जातात आणि रस्ता बहुतेक सरळच राहतो. हजिरा ते पारादीप जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. पुढचे चाक हातभर पुढे काढलेली चॉपर या रस्त्यावर रुबाबात पळते. पण तीच गाडी धुळ्याच्या पाचकंदीलच्या गर्दीत किंवा जळगावच्या फुले मार्केटच्या गल्लीत घातली, की चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. एकाच गाडीचे हे दोन स्वभाव एका कोनातून येतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी हार्ले-डेव्हिडसनसारख्या जड गाड्यांचे मडगार्ड, पत्रे, नको ते सगळे काढून टाकायला सुरुवात केली. साठच्या दशकात पुढचा भाग लांबवण्याची टूम निघाली. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने ती जगभर पोचवली. त्यातल्या गाड्या घडवणारे क्लिफ वॉझ आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांची नावे मात्र बरीच वर्षे अंधारात राहिली. आपल्याकडे मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने बुलेटच्या इंजिनाभोवती अशा गाड्या बांधून नाव कमावले.

कोन आणि ट्रेल

हँडल ज्या नळीत फिरते ती नळी उभ्या रेषेशी जो कोन करते त्याला ‘रेक’ म्हणतात. नेहमीच्या मोटारसायकलीत तो साधारण २४ ते २८ अंश असतो. चॉपरमध्ये तो ४० अंशांवर, कधी त्याहीपुढे नेतात.

आता एक ओळंबा घ्या. गाडी सरळ उभी करून पुढच्या चाकाच्या आसातून तो जमिनीपर्यंत सोडा आणि तिथे खडूने खूण करा. मग हँडलच्या नळीची रेषा एका ताणलेल्या दोरीने जमिनीपर्यंत वाढवा आणि दुसरी खूण करा. ही खूण पहिल्या खुणेच्या पुढे पडेल. दोन खुणांमधले अंतर म्हणजे ‘ट्रेल’. ऑफिसातल्या खुर्चीचे चाक ढकलताच जसे आपोआप मागे वळून सरळ होते, तसेच ट्रेलमुळे मोटारसायकलीचे चाक धावताना सरळ राहू पाहते. तोल सांभाळण्यात चाकाच्या फिरण्याचा आणि वजनाच्या वाटणीचाही हात असतो, पण गॅरेजमध्ये सगळ्यात सहज बिघडते ती ही गोष्ट.

हिशेब करून पाहू. चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर आणि हँडलच्या रेषेपासून आस ५० मिलिमीटर पुढे धरला, तर २६ अंशांना ट्रेल सुमारे १०० मिलिमीटर येतो. कोन ४० केला की तोच २०० च्या पुढे जातो. चौदा अंशांत ट्रेल दुप्पट! म्हणून चॉपर सरळ रस्त्यावर वेगात ठाम वाटते. पण हळू चालवताना हँडल जरा वळवले की गाडीचे तोंड खाली बसते आणि चाक आणखी वळायला ओढ घेते. ट्रेलला कोनाच्या साइन आणि कोसाइनने गुणले की या ओढीचे माप मिळते. आपल्या उदाहरणात ते ४० वरून १०० मिलिमीटरवर जाते. मार्केटमध्ये खांदे भरतात ते यामुळे.

वळणाचेही तसेच. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० च्या दोन चाकांमधले अंतर १३९० मिलिमीटर आहे. ते १७०० झाले आणि कोनही ४० अंश झाला, तर हँडल तेवढेच वळवूनही वळणाची त्रिज्या ४० टक्क्यांहून अधिक वाढते. धुळ्याजवळच्या लळिंग घाटात हा फरक चांगलाच जाणवेल.

खड्डा कुठे बसतो

खड्ड्याचा धक्का येतो खालून, सरळ वर. पुढचे शॉकअप जितके उभे, तितका तो स्प्रिंगमध्ये जिरतो. शॉकअप आडवे झाले की धक्क्याचा मोठा वाटा त्यांना वाकवण्यात खर्च होतो. २६ वरून ४० अंशांवर गेल्यास हा वाटा जवळजवळ दीडपट होतो. त्यात लांबीची भर पडते. शॉकअपच्या नळीचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती सव्वापट लांब केली की जवळपास दुप्पट वाकते. वाकलेली नळी आतल्या आत अडकते आणि शॉकअप हलतच नाही. सगळा ताण मग चेसिसच्या मानेवर, म्हणजे रेक वाढवण्यासाठी मिस्तरीने कापून पुन्हा वेल्डिंग केलेल्या जागेवर येतो. वेल्डिंगच्या कडेचा तापलेला पट्टा मूळ पोलादासारखा राहत नाही. वर शोभेसाठी ग्राइंडर मारून टाका सपाट केला, तर जोड आणखी पातळ होतो. तडा एका दिवसात जात नाही. हजारो धक्क्यांनी तो केसाएवढा सुरू होतो आणि रंगाखाली दिसतही नाही.

जाणकार कारागीर मान कापण्याआधी ट्रेलचे गणित मांडतात. शॉकअप धरून ठेवणारी वरची-खालची टी थोडी तिरकी बनवून ते वाढलेला ट्रेल पुन्हा आटोक्यात आणतात. हीच तिरकी टी मूळ चेसिसला लावली तर उलटे होते. ट्रेल गरजेपेक्षा कमी होतो आणि वेगात हँडल थरथरू लागते.

कायद्याचे गणितही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीचा रंग बदलला तरी आरसीवर नोंद करावी लागते.

ऐटीत, पाय पुढे टाकून बसायची हौस असेल, तर बजाज अॅव्हेंजरसारखी कारखान्यातूनच दोन चाकांमधले १४९० मिलिमीटरचे लांब अंतर घेऊन येणारी गाडी घ्या. सीट, आरसे, बॅगा हव्या तशा सजवा, पण आधी एमएच-१९ असो की एमएच-१८, आपल्या आरटीओत विचारून घ्या. चेसिसच्या मानेला मात्र नुसत्या नजरेच्या अंदाजाने ग्राइंडर लावू देऊ नका.