लेप वाळू देऊ नका

दिवाळीच्या आसपास हवा बदलते. अभ्यंगाचं तेल अंगात जिरतं न जिरतं तोच गालांवर पांढुरका कोंडा दिसू लागतो, चेहरा धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते. मग घरोघरी डाळीचं पीठ, साय आणि मधाची बाटली ओट्यावर येते. घरगुती लेपांचं वेड मला कॉलेजपासूनचं. कोणाच्याही घरी गेले, की तिथली आजी चेहऱ्याला काय लावते, हे विचारल्याशिवाय मी उठत नाही. या सगळ्या चौकश्यांतून माझं एक मत पक्कं झालं आहे : कोरड्या त्वचेसाठी लेपात काय घातलं, यापेक्षा तो कधी आणि कसा काढला, हे जास्त महत्त्वाचं.

आधी थोडं शास्त्र. त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्या पेशींच्या मधल्या जागेत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात आणि ती आतलं पाणी अडवून धरतात. थंड, कोरडी हवा, कढत पाणी आणि साबण यांनी हा बंदोबस्त ढिला पडतो. त्वचेचा सामू साधारण 5 असतो, नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. वय वाढलं की त्वचेतली तेलाची निर्मितीही कमी होते.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे वळते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात सूत्रस्थानाचा 22वा अध्याय आहे. त्यात गुळण्यांच्या जोडीनं मुखलेपाचाही विधी सांगितला आहे. तो वाचताना दर वेळी थक्क व्हायला होतं, इतका त्यात बारकावा आहे. लेपाची जाडी किती, तर पाव, एक तृतीयांश किंवा अर्धं अंगुळ, म्हणजे बोटाच्या रुंदीच्या हिशेबात. वात आणि कफ असेल तर लेप उष्ण, एरवी अगदी थंड. कोरडेपणा हा वाताचा गुण, म्हणून कोरड्या चेहऱ्याला फ्रीजमधून काढलेला गारढोण लेप नको, कोमट हवा. लेप लावून दिवसा झोपायचं नाही, बोलायचं नाही, विस्तवाजवळ किंवा उन्हात बसायचं नाही, शोक आणि राग दोन्ही टाळायचे. पडसं किंवा अजीर्ण झालं असेल, रात्री जागरण घडलं असेल, तर लेपच नको.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा नियम. लेप ओला असेपर्यंतच चेहऱ्यावर ठेवायचा, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना तो आधी भिजवायचा आणि काढल्यावर तेल लावायचं. आजचे त्वचारोगतज्ज्ञ चेहरा दमट असतानाच क्रीम लावायला सांगतात, तेही ओलावा टिकावा म्हणूनच. आपण मात्र पीठ कडकडीत वाळून चेहऱ्याला भेगा पडेपर्यंत बसतो आणि मग ते खसाखसा चोळून काढतो!

याच अध्यायात सहा ऋतूंचे सहा लेप आहेत. शिशिराच्या लेपात रिंगणीचं मूळ, काळे तीळ, दारुहळदीची साल आणि कोंडा काढलेले जव. ही यादी घेऊन मी पुण्याच्या रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानांत हिंडले आहे. पोत्यांतून येणारा वाळा, नागरमोथा आणि गव्हला कचोऱ्याचा मिश्र वास मला कुठल्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे. दुकानदार न कंटाळता एकेक मुळी हातावर ठेवून दाखवतात.

इथे थोडं आडवळण घेते. या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली ती हेमाद्रीनं, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या मंत्र्यानं, आपल्या हेमाडपंतानं. देवळांच्या बांधणीमुळे त्याचं नाव घरोघरी पोचलं, त्याची वैद्यकातली कामगिरी मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. राज्याचा कारभार सांभाळणारा माणूस मुखलेपावरच्या श्लोकांचाही अर्थ लावत बसतो, हे मला फार मोठं वाटतं. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचाच, किल्ला चढताना मला तटबंदीच्या आधी तोच आठवतो.

शिशिराच्या त्या यादीतलं जे स्वयंपाकघरात सहज मिळतं, तेवढ्यावर मी माझा लेप बसवला आहे. चमचाभर काळे तीळ रात्री दुधात भिजवायचे आणि सकाळी गंधासारखे मऊ वाटायचे. त्यात दोन चमचे जवाचं पीठ, चमचाभर साय आणि लागेल तसं कोमट दूध. तिळातलं तेल आणि सायीतला स्निग्धांश त्वचेवर राहतो, पीठ मळ उचलतं. अर्धा चमचा मध घातला तर तो ओलावा धरून ठेवतो. दहा मिनिटं पुरतात. मध्येच कडा सुकू लागल्या तर दुधाचा हात फिरवावा. ओल्या हातानं लेप सैल करून कोमट पाण्यानं धुवावा, चेहरा नुसता टिपावा आणि लगेच तिळाच्या किंवा बदामाच्या तेलाचे दोन-तीन थेंब लावावेत. आठवड्यातून एकदा पुरे.

काही गोष्टींना माझा स्पष्ट विरोध आहे. मुलतानी माती तेल शोषते, ती तेलकट चेहऱ्याला शोभते, कोरड्याला नाही. लिंबाचा रस अतिशय आम्ल असतो. तो लावून उन्हात गेलं तर काळे डाग, क्वचित फोडही येतात. खायचा सोडा तर चेहऱ्याच्या वाटेला जाऊच देऊ नये. कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. चिरलेल्या, खाजणाऱ्या त्वचेवर, विशेषतः लहान मुलांच्या इसबावर, दूध-तिळासारखे खाद्यपदार्थ चोळू नयेत. त्यातून त्या पदार्थाची ॲलर्जी जडू शकते. तिथे डॉक्टरच हवेत.

यंदाच्या थंडीत महागडा पॅक विकत घ्यायच्या आधी हे करून पाहा. आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण लेप ओला असतानाच काढा आणि वर तेलाचा हात फिरवा.