गजांआडच्या बाईचं दुखणंखुपणं

मैत्रिणींनो, शनिशिंगणापूरला तुमच्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असतील. घराला दार न लावणारं गाव म्हणून त्याचं कौतुकही केलं असेल. पण त्याच गावात देवाच्या चौथऱ्यावर बायकांना चढू देत नसत. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने सरकारला बजावलं, की बायकांचा हा हक्क तुम्ही राखला पाहिजे. ८ एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला. त्या दिवशी घरोघरी हाच विषय!

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच न्यायालयाने बायकांसाठी आणखी एक निकाल दिला. तो मात्र किती जणींच्या कानावर आला?

भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका बाईची ही हकिगत. पदरात आजारी तान्हं मूल, आणि पुन्हा दिवस गेलेले. तिला हा गर्भ नको होता. न्यायालयाने आपणहून प्रश्न हाती घेतला. न्या. विजया ताहिलरमाणी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी सांगितलं, की स्वतःच्या शरीराबद्दल ठरवण्याचा हक्क बाईचाच. १९७१ चा गर्भपाताचा कायदा तुरुंगातल्या बाईलाही लागू आहे. मूल होण्याच्या वयातली बाई तुरुंगात आली, की पाच दिवसांच्या आत तिची लघवी तपासून दिवस आहेत का ते पाहावं. असले आणि तिला नको असले, तर विनाविलंब सरकारी इस्पितळात पाठवावं. या बाबतीत दिवस वाया घालवून चालत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि जिला मूल हवं आहे तिचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगून ठेवलं आहे: बाळंतपणाआधीची आणि नंतरची देखभाल झालीच पाहिजे. होता होईल तो बाळंतपण तुरुंगाबाहेर, इस्पितळात व्हावं. मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘तुरुंग’ असं लिहू नये. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने तर एका गर्भवतीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा जामीनही दिला.

पाळीचं म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये ठरवलेल्या नियमांत कैदी बायकांना पॅड फुकट आणि पाणी नियमित द्यावं असं स्पष्ट लिहिलं आहे. महिन्याचे ते चार दिवस पाण्याचा एक तांब्या कमी पडला तरी आपला जीव कसा कासावीस होतो! मग जिला साधं कापडही मागून घ्यावं लागतं, तिचं काय होत असेल?

“गुन्हा केलाय ना, मग भोगू दे,” असं म्हणणाऱ्या आहेतच. पण आपल्याकडच्या तुरुंगांत निम्म्याहून अधिक माणसं कच्चे कैदी असतात. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाच असतो. ज्यांचा झाला, त्यांनाही शिक्षा आहे ती मोकळेपण जाण्याची. अंगावरून जाणं अंगावर काढायची, रक्त कमी होऊन झिजायची शिक्षा कुठल्याच न्यायाधीशाने दिलेली नसते. आणि पोटातल्या जिवाने तर काय केलं?

निकाल कागदावर चांगला असला तरी तो बाईपर्यंत पोचवावा लागतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा. तुमच्या नात्यातली, शेजारची किंवा तुमच्याकडे धुणंभांडी करणारी कुणी कोठडीत गेली, तर दिवस गेले असल्यास तिने तुरुंगातल्या डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत सांगावं. पाळी चुकली असेल, अंगावर पीत मूल असेल, तर तेही लाजून दडवू नये. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नये. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे वकील फुकट मिळतो. तिची मिळकत किती, हे पाहिलं जात नाही. तुमच्या महिला मंडळाला पॅड किंवा बाळाचे कपडे द्यायचे असतील, तर आधी तुरुंग अधीक्षकांना अर्ज करून परवानगी घ्या.

पुढच्या हळदीकुंकवाला जमाल, तेव्हा वाणाबरोबर हे चार शब्दही एकमेकींना देऊन ठेवा. वेळ कुणावर सांगून येत नाही.