विकतचें भय

बुलढाण्याच्या पठारावरून खालीं उतरलें म्हणजे घाटाच्या पायथ्याशीं रोहिणखेड लागतें. मोताळा तालुक्यांतील हें आजचें शांत गांव एके काळीं खानदेश आणि दख्खन यांच्या दरम्यानच्या वाटेवर होतें. आणि वाटेवरच्या गांवास जें भोगावें लागतें तें त्यानें भोगलें आहे. १४३७ सालीं खानदेशच्या नासिरखानाच्या फौजेचा येथें बहामनी सरदार खलफ हसन बसरी यानें मोड केला. पुढें अहमदनगरच्या गादीसाठीं झालेल्या लढाईंत जमालखान येथेंच पडला. खुदावंदखान महदवी यानें १५८२ सालीं बांधलेली लहानशी पण देखणी मशीद त्या काळाची खूण म्हणून गांवांत आहे. त्या दिवसांत धुळीचा लोट उठलेला दिसला कीं पुढें काय करावयाचें हें गांवकऱ्यांस कोणी सांगावें लागत नसे. गुरें सोडावीं, पोरें कडेवर घ्यावीं आणि रानांत शिरावें. भय त्यांना फुकट मिळे, आणि तें बहुधा खरेंच ठरे.

अशा या गांवांतून आज चार मित्र मोटार घेऊन चारशेंहून अधिक किलोमीटर दूर जातात, आणि तेथें पदरचे पैसे मोजून एका अंधाऱ्या घरांत शिरतात, तें केवळ कोणीतरी आपणांस भिववावें म्हणून! वडील माणसांना हा वेडेपणा वाटतो. 'भ्यावयाचेंच होतें तर अमावास्येच्या रात्रीं मळ्यांतल्या विहिरीवर जावयाचें होतें,' असें आजी म्हणते, आणि तिचें म्हणणें हिशेबाला धरून आहे. पण ही हौस एकट्यादुकट्याची नाहीं. जत्रेंतील कनातीचा भूतबंगला श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिला असेल. शहरांतील भूतबंगला हें त्याचेंच श्रीमंत भावंड. मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड हें क्रीडाउद्यान निघालें. तें आतां बंद आहे. पण धुक्यांत दडलेल्या राक्षसांचें तेथील दालन ज्यांनीं पाहिलें त्यांना अद्याप आठवतें. पुढें २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका उद्यान उघडलें, त्यांत 'सलीमगढ' नांवाचा पायीं फिरावयाचा भुताटकीचा किल्ला उभारण्यांत आला. मोठ्या शहरांतील बाजारपेठांच्या इमारतींतही आतां अशीं दालनें निघतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. याच बुलढाणा जिल्ह्यांत पिंपळगांव सराई येथें सैलानी बाबांच्या दर्ग्याची यात्रा होळीच्या सुमारास भरते, आणि अंगांतील बाधा उतरावी म्हणून दूरदूरचीं माणसें तेथें येतात. त्यांचें भय हौसेचें नसतें. ज्याला घरचे लोक बाधा म्हणतात तो बऱ्याच वेळां मनाचा आजार असतो, आणि त्याला गरज असते ती डॉक्टरची. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं रोग्याला मारहाण करणें हा तर महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हाच ठरला आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यांतून कांहीं माणसें भूत घालविण्यासाठीं पैसे खर्चितात, आणि कांहीं तें भेटावें म्हणून. दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा भुतावर काडीइतका विश्वास नसतो, आणि तरीही तीं किंचाळतात. हें कसें होतें?

प्रथम कारागिराची बाजू पाहूं. भूत दाखविण्याची विद्या ही मूळची दिव्याची आणि कांचेची विद्या आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस शहरांत रोबेर्तसाँ नांवाच्या गृहस्थानें जादूचा कंदील चाकांवर बसविला. कंदील पडद्यामागें सरकवितांच चित्रांतला सांगाडा लहानाचा मोठा होत अंगावर धांवून आल्यासारखा दिसे. कधीं तो धुराच्या लोटावरही पाडीत. आपल्याकडे १८९२ सालीं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं याच जातीच्या कंदिलांतून कांचेवरचीं रंगीत चित्रें हालतीं करून दाखविलीं व त्या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असें भारदस्त नांव दिलें. त्यांचा विषय भुतांचा नव्हे, पुराणकथांचा होता. पण अंधारांत बसलेल्या माणसाचे डोळे किती भोळे होतात हें मर्म दोघांनींही ओळखलें होतें.

दुसरी युक्ति लंडनमधील रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत १८६२ च्या नाताळांत प्रथम लोकांस दिसली. मूळ कल्पना डर्क्स यांची; ती रंगभूमीवर उतरविली पेपर यांनीं, आणि नांवही त्यांचेंच चिकटलें. जगांत असें पुष्कळदां होतें. ही युक्ति समजावयास प्रयोगशाळा नको. रात्रीच्या एस. टी.त आंतला दिवा लागलेला असतांना खिडकींतून बाहेर पहावें. बाहेरच्या काळोखांत, पळणाऱ्या झाडांच्या मधोमध, आपलाच चेहरा अधांतरीं चाललेला दिसतो. कांचेच्या अलीकडे उजेड व पलीकडे अंधार असला कीं कांच अर्धा आरसा होते. भूतबंगल्यांत प्रेक्षकांपुढें मोठी कांच तिरपी उभी करतात व बाजूच्या खळग्यांत, प्रेक्षकांच्या दृष्टीआड, पांढऱ्या वेषांतला नट ठेवतात. त्याच्यावर दिवा पाजळला कीं तो रिकाम्या खोलींत प्रगट होतो. दिवा मंदावला कीं विरून जातो. त्याच्या अंगांतून मागची खुर्ची दिसते ती वेगळीच. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँड येथें १९६९ सालीं उघडलेल्या प्रसिद्ध झपाटलेल्या वाड्यांत भुतें मेजवानी करतात, नाचतात, तीं याच शंभर वर्षें जुन्या कांचेच्या जोरावर.

उरलेलीं साधनें साधीं असतात: मुद्दाम अरुंद केलेली, वारंवार वळणारी वाट, तोंडावर येणारे दोऱ्याचे झुपके, पायाखालीं किंचित् दबणारी फळी, एकाएकीं अंगावर येणारा थंड वाऱ्याचा झोत, आणि कानठळ्या बसविणारा आवाज. यांत पैशाचें काम थोडें आणि वेळ साधण्याचें काम फार. आवाज जेथें अपेक्षित असतो तेथें तो होऊं द्यावयाचा नाहीं. सगळे सुटकेचा श्वास टाकतात तेथें करावयाचा.

आतां किंचाळणाऱ्याची बाजू. अवचित मोठा आवाज कानीं पडल्यावर पापणी मिटूं लागण्यास सेकंदाचा विसावा भागसुद्धां लागत नाहीं. 'हें खोटें आहे' हा विचार मनांत उमटावयास त्याहून किती तरी अधिक वेळ लागतो. मेंदूंत खोल बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. धोक्याची वर्दी देणें हें त्याचें मुख्य काम, आणि विश्वास-अविश्वासाचा खल करीत बसणें त्याच्या स्वभावांत नाहीं. तो वर्दी देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून रस रक्तांत उतरतो. छाती धडधडूं लागते, तळहात घामेजतात, पाय पळावयास सिद्ध होतात. मागाहून बुद्धि येते, पहाते आणि म्हणते, 'अरे, हा तर मुखवटा!' पण रक्तांत उतरलेला रस लगेच परत जात नाहीं. शरीर पेटलेलें आणि मन निर्धास्त, अशी जी दोन क्षणांची विलक्षण अवस्था होते तिच्यांतूनच तें मोठें हसूं फुटतें. भूतबंगल्याच्या दारांतून बाहेर पडणारीं माणसें नेहमीं हसत असतात, तीं यामुळें.

डेन्मार्कमधील व्हायले गांवच्या एका भूतबंगल्यांत ऑऱ्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनीं ११० पाहुण्यांच्या हृदयाचे ठोके मोजून पाहिले, आणि २०२० सालीं तें संशोधन प्रसिद्ध केलें. जे फारच थोडे भ्याले त्यांना मजा आली नाहीं. जे अतिशय भ्याले त्यांनाही आली नाहीं. मधल्यांना सर्वांत अधिक आली. स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याही गृहिणीनें मिठासंबंधानें हेंच सांगितलें असतें. मित्रांचें महत्त्वही येथेंच कळतें. एकट्याला जें असह्य होईल तें चौघांत वांटलें जाऊन बेताचें होतें. शिवाय आपल्यापेक्षां मोठ्यानें किंचाळणारा एक जण सोबत असला, कीं आपण शूर होतों.

या सर्व खेळाचा पाया मात्र एकच आहे. भय खोटें असलें पाहिजे, आणि तें खोटें राहील याची काळजी दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असली पाहिजे. ती घेतली गेली नाहीं तर काय होतें याचे दाखले आहेत. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील ल्यूना पार्कमधील भुतांच्या गाडीला ९ जून १९७९ च्या रात्रीं आग लागली; सहा मुलें व एक मोठा माणूस त्यांत गेला. ११ मे १९८४ रोजीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथील एका उद्यानांत 'झपाटलेला किल्ला' जळाला. तो मालमोटारींच्या पेट्या एकमेकींस जोडून केलेला होता. आंत रबराच्या गाद्यांसारखा भरकन् पेटणारा माल होता, आणि आपोआप पाणी सोडणाऱ्या नळ्या नव्हत्या. आठ कोवळीं मुलें त्यांत दगावलीं. त्या वेळीं आंत असलेल्या कांहींना धूर व ज्वाळा हा खेळाचाच भाग वाटला! भूतबंगल्याचा हा मूलभूत दोष आहे: जीं लक्षणें पाहून माणसानें पळावें, तींच तेथें करमणूक म्हणून विकलीं जातात. अंधार, अरुंद वाट, धूर आणि आरडाओरडा यांपैकीं एकावरही तेथें भरंवसा ठेवतां येत नाहीं. आपल्या शेजारीं राजकोट येथें २५ मे २०२४ रोजीं पत्र्याच्या एका खेळघरास लागलेल्या आगींत पंचविसांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, त्यांत लहान मुलेंही होतीं. तो भूतबंगला नव्हता. पण दारें अपुरीं असलीं कीं घराचें नांव काय आहे यानें फरक पडत नाहीं.

म्हणून तिकीट काढतांना कवटीचे दांत किती आहेत हें पाहण्यापेक्षां बाहेर पडावयाचीं दारें किती आहेत हें विचारावें. दुसरें दार कोठें आहे, दिवे एकदम लावण्याची सोय कोणाच्या हातीं आहे, आंत एका वेळीं किती माणसें सोडतात, या प्रश्नांनीं चांगला मालक रागावत नाहीं. गांवच्या जत्रेंतील कनातीच्या बंगल्यास तर हे प्रश्न अवश्य विचारावे. तेथें कापड, लांकूड आणि उघड्या तारा एकत्र नांदत असतात, आणि आंत शिरणारीं बहुतेक मुलें असतात.

रोहिणखेडचे ते चार मित्र अशा प्रकारें सर्व पाहून, सुखरूप भिऊन आणि पोटभर हंसून बाहेर पडले, असें समजूं. संध्याकाळ झालेली असते. उद्यां कामावर हजर व्हावयाचें असतें. रात्रींतून घर गांठूं, असें कोणीतरी म्हणतो. ज्या भूतबंगल्याबद्दल कोणी पैसे मागत नाहीं तो येथें सुरू होतो.

नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणें हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं. मोटार तेथें ताशीं १२० किलोमीटरपर्यंत चालवितां येते. रस्ता रुंद आणि सपाट आहे. बैलगाडी आडवी येत नाहीं, चौक लागत नाहीं, चहाची टपरी खुणावीत नाहीं. भूतबंगल्यांत भिवविण्यासाठीं जें जें योजलेलें असतें त्यांतलें येथें कांहींच नाहीं. वळण नाहीं, धक्का नाहीं, आवाज नाहीं. एकसुरी चाकांचा नाद आणि दिव्यांच्या झोतांत मागें सरकणाऱ्या पांढऱ्या रेघा. मेंदूंतला तो पहारेकरी अशा वेळीं झोपीं जातो, कारण त्याला उठवील असें कांहीं घडतच नाहीं. डोळे उघडे असतात आणि माणूस जागा नसतो. ताशीं १२० च्या वेगानें तीन सेकंदांची डुलकी लागली तर तेवढ्यांत मोटार १०० मीटर पुढें गेलेली असते, आणि ते १०० मीटर ती कोणीही चालविलेली नसते. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर याच महामार्गावर, याच बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजाजवळ एक प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ माणसें मरण पावलीं. त्यांतील बहुतेक त्या वेळीं झोपेंत होतीं.

मध्यरात्रीनंतर दोन ते पांच ही वेळ शरीराच्या घड्याळांत सर्वांत खोल झोपेची. चहानें ती थोडी लांबते, टळत नाहीं. गाण्यानें आणि उघड्या खिडकीनें तर तेवढेंही होत नाहीं. आणि भूतबंगल्यांतून आलेल्या माणसाची एक आणखी अडचण असते. दिवसभर रक्त उसळलेलें असतें. तें ओसरलें म्हणजे शिणवठा दुप्पट येतो. भ्याल्यामुळें आतां झोप येणार नाहीं, अशी जी फुशारकी मित्र मारतात ती पहिल्या शंभर किलोमीटरांपुरतीच खरी.

त्यापेक्षां रात्र शहरांतच काढावी, तें खर्चाचें वाटल्यास मलकापूरपर्यंत आगगाडीनें यावें. तेथें जागें राहणें हें इंजिनचालकाचें काम असतें, आणि त्याची पाळी ठरलेली असते. मोटारीनेंच यावयाचें तर उजाडल्यावर निघावें, दर दोन तासांनीं सुकाणूवरचा माणूस बदलावा, आणि मागच्या बाकावरील माणसांनींही पट्टा बांधावा. जालन्याजवळ महामार्ग सोडून देऊळगांवराजा, चिखली करीत बुलढाण्यास आलें कीं पुढें घाट लागतो. तेथें वळणें आहेत, समोरून चढणाऱ्या मालमोटारी आहेत, कठड्यापलीकडे खोल दरी आहे. इतक्या वेळ गप्प बसलेले चौघेही येथें आपोआप सरसावून बसतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतो, 'जरा जपून रे!'