उतरण आणि गुडघे

आमच्या पुलगावचा वर्धाकाठचा मुलूख सपाट. येथील मुलांच्या पायांस शेताच्या बांधांची सवय आहे, डोंगराची नाही. म्हणून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास किंवा १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या शिखरावर जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी गुडघ्यांविषयी थोडे जाणून घ्यावे, असे आम्हास वाटते.

चढताना दम लागतो, म्हणून चढण कठीण भासते. परंतु गुडघ्यांस अधिक त्रास होतो तो उतरताना. मांडीचे व नडगीचे हाड जेथे मिळते तो गुडघा. त्याच्या पुढे वाटी, मध्ये कूर्चेच्या दोन चंद्राकृती गाद्या व त्यांस धरून ठेवणारे बळकट बंध असतात. उतरताना देहाचा भार मांडीच्या पुढील स्नायूंस आवरून धरावा लागतो. साधा जिना उतरतानाही गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. स्नायू थकले म्हणजे पाऊल आदळते आणि त्यांनी झेलावयाचा धक्का सांध्यास बसतो.

यावर उपाय साधे आहेत. सहलीपूर्वी पाच-सहा आठवडे एक दिवसाआड जिना चढावा-उतरावा व अर्ध्या बैठका काढाव्या. उतरताना पावले आखूड टाकावी, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि धावू नये. पाठीवर ओझे थोडे असावे. हाती काठी घ्यावी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन काठ्यांच्या आधाराने उतरणाऱ्यांच्या गुडघ्यांवरील भार १२ ते २५ टक्क्यांनी घटलेला आढळला.

एका सहलीत आमच्या एका विद्यार्थ्याने सोबती हसतील या भीतीने गुडघ्याची कळ लपविली व पुढे कित्येक दिवस तो लंगडत राहिला. मुलांनो, दुखणे सांगण्यात भ्याडपणा नाही. दुखताच थांबावे, थंड पाण्याची पट्टी ठेवावी. गुडघा सुजला, अडकला अथवा भार सोसेना, तर डॉक्टरांस दाखवावे.

पालकांसही एक विनंती. वाढत्या वयात वाटीखालील हाडाचा उंचवटा पुष्कळदा दुखतो. त्यास आळशीपणाचे सोंग समजून मुलास रागावू नये. काही काळ धावणे-उड्या कमी कराव्या.

शिखर गाठले म्हणजे अर्धीच वाट सरली. उरलेली अर्धी धडधाकट पायांनी उतरून घरी येईल, त्याचीच सहल पुरी झाली.