निशाणी डावा अंगठा

आमच्या घरच्या लोखंडी ट्रंकेत आजीचं हक्कसोडपत्र आहे. सन १९६२. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर विरलाय, पण शाई शाबूत आहे. वडिलांच्या मिळकतीतला आपला हिस्सा भावांच्या लाभात राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडून देत आहे, असा मजकूर. खाली जांभळट अंगठा आणि त्याच्या शेजारी लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आजीचं नाव, निशाणी डावा अंगठा. आजी सांगायची, भाऊ म्हणाला होता, 'आक्का, सोसायटीच्या कर्जाचा कागद हाये, तुझा अंगठा लागतोय.' ती बैलगाडीतून तालुक्याला गेली, अंगठा दिला आणि भावानं घेतलेला खण घेऊन दिवेलागणीला घरी आली.

हा कागद मराठीत आहे, याचं मला फार वाईट वाटतं. फारसीत किंवा इंग्रजीत असता, तर परक्या राजवटीला बोल लावता आला असता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. १९६०च्या १ मेला मराठी माणसाचं राज्य आलं. त्यानंतर दोनच वर्षांनी एका मराठी बाईनं, स्वतःच्या भाषेत लिहिलेला कागद वाचता येत नाही म्हणून, कायद्यानं दिलेली जमीन स्वतःच्या अंगठ्यानं परत केली. भाषेला राज्य मिळणं आणि त्या भाषेतल्या माणसाला सत्ता मिळणं यात किती अंतर असतं, ते मला या एका पानानं शिकवलं.

त्या पानावरचे शब्द बघा. दस्त, मिळकत, वारस, हक्क, राजीखुशी, तालुका, जिल्हा. सगळे फारसी-अरबीतून आलेले. मलिक अहमदनं १४९४च्या सुमारास नगर वसवलं, निजामशाहीचा दरबार फारसीत चालला आणि गावचा कुलकर्णी मोडीत हिशेब लिहीत राहिला. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राजाला हे सुचलं, यातच भाषा आणि सत्ता यांचं नातं त्याला किती नेमकं कळलं होतं ते दिसतं. तरीही जमीन जमीनच राहिली आणि अर्ज अर्जच. शब्द कुठून आला याचं रयतेला ओझं नव्हतं. ओझं होतं ते कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो याचं.

नेवासं आमच्या घरापासून लांब नाही. १२९० साली तिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो पैस खांब आजही उभा आहे. त्याच्याही आधी आपल्याच मुलखातल्या सराळ्याच्या म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं. ज्यांना संस्कृतचं दार बंद होतं त्यांच्यासाठी मराठी हे ज्ञानाचं दार झालं, हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरंच आहे. पण पुढची कितीतरी शतकं ज्ञानेश्वरी ऐकली गेली फार, वाचली गेली थोडी. वारकऱ्याला ओव्या तोंडपाठ असत आणि त्याच्या शेताचा कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. कान उघडले होते, डोळे उघडायचे होते.

ते काम नगरमध्ये एकोणिसाव्या शतकात सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली इथं ठाणं केलं. सिंथिया फरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी नगरची ही मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते फरारबाईंकडेच. याच नगरमध्ये १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू झालं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचं कारण नाही. पण अक्षर एकदा हातात आलं की देणाऱ्याच्या हेतूत मावत नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदय'नंच छापला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. धर्म, पेशवाई, ब्राह्मण्य, सगळ्यांना तिनं त्यात उभे-आडवे प्रश्न विचारले. माझ्या आजीच्या अंगठ्याच्या शंभर वर्षं आधी हे घडलेलं आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीरावांनी हाच हिशेब मांडला. सारा शेतकरी भरतो आणि शाळा वरच्यांच्या पोरांना मिळते. त्यांची मागणी गावोगाव प्राथमिक शिक्षणाची होती.

आता नगरच्या किल्ल्याकडे येतो, कारण या विषयाची सगळ्यात मोठी गोष्ट तिथं घडली आहे. नगरकरांनाही ती अशी एकत्र कुणी सांगत नाही.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणी पकडली गेली आणि तिच्यातल्या बारा जणांना भुईकोट किल्ल्यात ठेवलं गेलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच, १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या प्रस्तावनेत सोबत्यांच्या भाषांची नोंद आहे. हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, उडिया. शिवाय संस्कृत, पाली, अरबी, फारसी जाणणारे. मौलाना आझाद उर्दूत 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं लिहीत होते, हरेकृष्ण महताब उडियात ओडिशाचा इतिहास लिहीत होते. पंडितजींनी भारताचा शोध लिहिला तो इंग्रजीत.

हीच माणसं पुढं कुठं गेली पाहा. १९४८ साली जयपूर काँग्रेसनं भाषावार प्रांतांवर विचार करायला तिघांची समिती नेमली. नेहरू, वल्लभभाई, पट्टाभि सीतारामय्या. तिघेही या किल्ल्यातले. १९४९च्या अहवालात त्यांनी सांगितलं की भाषावार प्रांत तूर्त नकोत, देशाची एकी आधी. त्यांच्या समोरच्या बाजूला संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष शंकरराव देव. तेही किल्ल्यातलेच. राज्यपुनर्रचनेच्या वेळी गृहमंत्री गोविंदवल्लभ पंत, शिक्षणमंत्री आझाद, आणि १९५५-५६मध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा राज्यपाल महताब. किल्ल्यातलेच. जवळजवळ तीन वर्षं एका आवारात राहिलेल्या, एकमेकांच्या भाषा कानांवर पडलेल्या या माणसांत पुढं भाषेवरूनच फळी पडली.

त्यांची भीती खोटी नव्हती. फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं. पण माझ्या मते त्यांची मोठी चूक झाली. भाषा म्हणजे अस्मितेचा ताप, असं त्यांना वाटलं. ज्याला फक्त आपली बोली येते त्याच्यासाठी कचेरी आणि कोर्ट कोणत्या भाषेत आहे हा पोटाचा प्रश्न असतो, हे अनेक भाषा सहज वाचणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. वास्तविक काँग्रेसनं स्वतः १९२०पासून आपल्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या होत्या, त्याशिवाय चळवळ खेड्यात पोचली नसती. डिसेंबर १९५२मध्ये पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले आणि आंध्र द्यावं लागलं. मुंबईसाठी शंभराहून अधिक माणसं मेली. नोव्हेंबर १९५५च्या मोर्चाच्या पुढं होते ते पारनेरचे सेनापती बापट, पंचाहत्तरी गाठलेले. १९५१च्या जनगणनेत देशातले जेमतेम १८ टक्के लोक साक्षर होते. त्यामुळं ही चळवळ पुस्तकांनी चालवली नाही, अमर शेख आणि अण्णाभाऊंच्या आवाजानं चालवली. पुन्हा कानच.

राज्य आलं. १९६४ साली राजभाषा कायदा झाला. पण मराठी कागद वाचणाऱ्याला काय मिळतं, हे नगर जिल्ह्याला कचेरीच्या आधी कारखान्यानं शिकवलं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा अहवाल आणि ताळेबंद सभासदाच्या भाषेत आला. ज्याला तो वाचता आला तो सभेत बोलला, बोलला तो संचालक झाला. ज्याला आला नाही तो हात वर करत राहिला. आपल्या जिल्ह्याचं पुढचं सगळं राजकारण या दोन माणसांमधलं आहे, असं मला वाटतं. राळेगणमधून अण्णा हजाऱ्यांनी माहितीच्या अधिकारासाठी जो लढा दिला, त्याचंही मूळ इथंच. तो अधिकार हातात यायला एक अर्ज लिहावा लागतो.

२०११च्या जनगणनेत जिल्ह्यातले सुमारे ८७ टक्के पुरुष आणि ७१ टक्के बायका साक्षर होत्या. मधले सोळा म्हणजे माझी आजी.

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच वर्षी जिल्ह्याला चौंडीच्या अहिल्याबाईंचं नाव मिळालं. बायकांनी अक्षर शिकणं दुर्मीळ होतं त्या काळात लिहायला-वाचायला शिकलेली आणि पत्रांवर राज्य चालवलेली ही बाई. दोन्हींचा मला आनंद आहे. पण मोलाचा वाटतो तो २०२५चा जून. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये आला होता. विरोध झाल्यावर १७ जूनला नवा शासन निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' गेलं होतं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं होतं. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान वीस मुलं हवीत, अशी अट होती. आईबापांनी, शिक्षकांनी तो कागद शब्द न् शब्द वाचला, त्या एका क्रियाविशेषणावर बोट ठेवलं, आणि २९ जूनला सरकारला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले.

मग आपल्याच पदरात बघावं लागतं. श्रीगोंदा-कर्जतकडच्या पारधी वस्तीतलं पोर घरी पारधी बोलतं. ती बोली गुजरातीच्या कुळातली. पहिलीच्या वर्गात त्याच्यापुढं जी मराठी येते ती त्याला परकी असते, जशी आपल्याला हिंदी लादलेली वाटते त्याहूनही परकी. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या, १९५२ साली कागदावर मुक्त झालेल्या या लोकांची फिर्याद, जबाब, पंचनामा सगळं मराठीत. दिल्लीकडं आपण जे मागतो ते त्यांना आपण दिलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पालकसभेला गेलो होतो. एक पारधी आई मुलीला घेऊन आली. संमतीपत्रावर सह्या चालल्या होत्या. गुरुजींनी सवयीनं शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं. तिसरीतल्या त्या मुलीनं कागद स्वतःकडं ओढला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. एक ओळ मराठीत, मग तीच आईला त्यांच्या बोलीत. रांग खोळंबली होती, मागून कुणी घाई केली. आई हलली नाही. मधल्या एका ओळीवर तिनं मुलीचा हात धरला आणि तेवढी पुन्हा वाचायला लावली. पॅड तोवर उघडंच होतं.