होस्ट खाली, काम चालू

होस्ट कधी ना कधी रीबूट करावाच लागतो. या एका सर्व्हरवर वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारा हायपरव्हायझर जुना होतो, त्यात सुरक्षेचे दोष सापडतात, आणि कर्नल बदलायचा तर सर्व्हर खाली घ्यावाच लागतो. सप्टेंबर २०१४ मध्ये झेन हायपरव्हायझरमधला एक दोष जगजाहीर होण्याआधीच बुजवायचा होता. त्यासाठी ॲमेझॉनला ईसी२ सेवेच्या ताफ्यातला काही भाग रीबूट करावा लागला. हा भाग दहा टक्क्यांपेक्षा कमी होता, तरी ज्यांच्या व्हीएम त्यात आल्या त्यांना आपली सोय घाईघाईने बघावी लागली.

होस्ट खाली घ्यायचा आणि त्यावरची कामं मात्र चालू ठेवायची, ही सोय लाइव्ह मायग्रेशनने दिली. व्हीएमवेअरने २००३ मध्ये व्हीमोशन आणलं. २००५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी कोपनहेगनच्या सहकाऱ्यांसह झेनवरचा आपला प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केला. सहा जण क्वेक ३ खेळत असताना त्यांचा गेम सर्व्हर एका होस्टवरून दुसऱ्यावर नेला, तेव्हा खंड पडला अवघ्या ६० मिलिसेकंदांचा.

हे कसं जमतं ते बघण्यासारखं आहे. स्वयंपाक चालू असतानाच बिऱ्हाड हलवावं, तसा हा प्रकार. व्हीएम जुन्या होस्टवर काम करत राहते आणि तिची सगळी रॅम नेटवर्कवरून नव्या होस्टवर उतरू लागते. तेवढ्या वेळात व्हीएमने मेमरीची काही पानं बदललेली असतात. दुसऱ्या फेरीत फक्त ती जातात, तिसऱ्या फेरीत त्या दरम्यान बदललेली. उरलेला ढीग पुरेसा लहान झाला, की व्हीएम क्षणभर थांबते, शेवटची पानं आणि प्रोसेसरची स्थिती पलीकडे पोचते आणि ती तिथे पुढे चालू लागते. मग नेटवर्कमधल्या स्विचना कळवलं जातं, की हा पत्ता आता या पोर्टवर आहे. तेव्हा खंड शून्य नसतो. वापरणाऱ्याला जाणवणार नाही इतका लहान असतो.

१६ जीबी रॅमची शांत व्हीएम १० गिगाबिटच्या जोडणीवरून पंधरा-वीस सेकंदांत पलीकडे जाते. खरी परीक्षा घेतो तो सतत लिहिणारा डेटाबेस. तारेतून पानं जातात त्याहून वेगाने तो नवी पानं बदलत असेल, तर फेऱ्या संपतच नाहीत. मग त्याचा प्रोसेसर मुद्दाम मंद करावा लागतो, नाहीतर रात्रीची निवांत वेळ गाठावी लागते.

पण माझ्या मते या सगळ्याचा पाया आहे रिकामी ठेवलेली रॅम. प्रत्येकी २५६ जीबीचे तीन होस्ट असतील, तर एक खाली गेल्यावर सगळा संसार दोघांच्या ५१२ जीबीत मावला पाहिजे. म्हणजे एरवी प्रत्येकावर १७० जीबीच्या वर भार नको, आणि होस्टला स्वतःला लागणारी रॅम धरली तर त्याहूनही कमी. खरेदीच्या बैठकीत ही रिकामी जागा उधळपट्टी वाटते आणि हळूहळू तिथे नव्या व्हीएम येऊन बसतात. मग पॅच लावायचा दिवस पुढे ढकलला जातो, पुन्हा ढकलला जातो, आणि क्लस्टर असूनही एकाच सर्व्हरवर असल्यासारखी गत होते.

जागा असली की पुढचं काम शिस्तीचं. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीत ७ वरून ८ वर जाण्याचं उदाहरण घेऊ. आठवी आवृत्ती जून २०२३ मध्ये, डेबियन १२ च्या पायावर आली. आधी बॅकअप, आणि तो रिस्टोर होतो याची खात्री. मग प्रॉक्समॉक्सचीच तपासणी स्क्रिप्ट चालवायची. ती काही बदलत नाही, अडचणी तेवढ्या दाखवते. स्टोरेज सेफ (Ceph) या वितरित प्रणालीवर असेल, तर अपग्रेडच्या आधीच ते क्विन्सी आवृत्तीवर आणावं लागतं. एखाद्या व्हीएमला होस्टवरच्या डिस्कमधली आयएसओ फाइल जोडलेली राहिली, तर ती हलायला तयार होत नाही. प्रत्यक्ष कार्ड थेट व्हीएमला दिलेलं असेल, तर साधारणपणे ती बंदच करावी लागते. होस्टचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढ्यांचे असतील, तर व्हीएमला सगळ्यांत जुन्याला झेपेल असाच प्रोसेसर दाखवायचा.

एका वेळी एकच होस्ट, हा नियम कोरमपायी पाळावा लागतो. क्लस्टर चालू राहायला तीन होस्टमध्ये दोन मतं हवीत. एक अपग्रेडसाठी खाली असताना दुसऱ्याचं नेटवर्क गेलं, तर उरलेल्याकडे बहुमत राहत नाही. त्यावर हाय अव्हेलेबिलिटीच्या व्हीएम असतील, तर तो मिनिटभराने स्वतःच रीबूट होतो. शिवाय नव्या कर्नलमध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बदललं, तर होस्ट चालू होऊनही नेटवर्कवर दिसत नाही. म्हणून रीबूटआधी रिमोट कन्सोल उघडा ठेवावा. जुन्या आवृत्तीवरून नवीवर व्हीएम सुखरूप जाते, पण उलट जाईलच याची हमी नसते. त्यामुळे पहिल्या होस्टवर बिनमहत्त्वाच्या व्हीएम नेऊन एक-दोन दिवस बघावं आणि मगच डेटाबेसला हात लावावा.

होस्ट खाली जाताना सेफने लगेच डेटाची फेरवाटणी सुरू करू नये म्हणून ‘नोआउट’ हा फ्लॅग लावलेला असतो. तिसरा होस्ट परत आला आणि सेफ निरोगी दिसू लागलं, की तो काढायचाच. राहिला, तर पुढे एखादी डिस्क गेल्यावर सेफ नव्या प्रती करणार नाही, आणि डेटा एक प्रत कमी असलेल्या अवस्थेत तसाच पडून राहील.