फुकटचे पुस्तक आणि कुणाचा तरी हक्क

दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गाइडची पीडीएफ टाकली. ती कुणी स्कॅन केली, आमच्यापर्यंत कशी आली, याचा विचार केला नाही. आमच्या वर्गात कुणाचे वडील मोंढ्यात हमाली करतात, कुणाचे स्टीलच्या कारखान्यात आहेत. त्यांनी अडीचशे रुपयांचे गाइड कुठून घ्यायचे? सवाबचे काम समजूनच आम्ही ते पाठवले.

पुढच्या जुम्याला नमाजनंतर ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याने आम्हाला बाजूला घेतले. म्हणाले, "सर, त्या गाइडच्या वीस प्रती मी उधारीवर आणल्यात. तीन गेल्या. बाकीची पोरं मोबाईल दाखवून म्हणतात, सरांनीच दिलंय."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लिखाणावर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क राहतो. कलम ६३ नुसार जाणूनबुजून हा हक्क मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यातल्या फायद्यासाठी केले नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. पण गुन्हा तो गुन्हाच राहतो. २०१६ मध्ये 'सैराट' थिएटरात चालू असतानाच त्याची नक्कल मोबाईलवर फिरत होती, हे आपल्याला आठवत असेल. चित्रपटांच्या बाबतीत २०२३ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला.

याच कायद्यात शिक्षणासाठी सवलतही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ मध्ये परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील निवडक पानांच्या झेरॉक्स काढून देणे हा हक्कभंग नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मात्र अख्खे गाइड स्कॅन करून शेकडो अनोळखी लोकांत पसरवणे या सवलतीत बसेल, असे आम्हाला वाटत नाही.

जालन्याच्या मातीतले उदाहरण

मग अशी देवाणघेवाण गुन्हा असावी का? याचे उत्तर आम्हाला आपल्या जिल्ह्यातच सापडले. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली. नवा वाण तयार करायला वर्षानुवर्षे खपावे लागते. दुसऱ्याने तो फुकट उचलून विकला, तर पुढचा वाण कोण काढणार? पण घरचे बी शेजाऱ्याला देणे ही शेतकऱ्याची पिढ्यानपिढ्यांची रीत आहे.

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दोघांचाही हक्क राखला. वाण काढणाऱ्याला संरक्षण दिले. शेतकऱ्याला बी राखण्याची, पेरण्याची, अदलाबदलीची, विकण्याचीही मुभा दिली. फक्त संरक्षित वाणाचे बी त्याने ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर कोटीकोटींचे दावे ठोकले, तेव्हा देशभर ओरड झाली आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले.

पुस्तकांच्या बाबतीतही अशीच रेषा हवी, असे आमचे मत आहे. जो दुसऱ्याच्या पुस्तकांची साइट चालवून जाहिरातींवर कमावतो, वर्गणी घेऊन चोरीच्या नोट्स विकतो, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याने एक फाइल उघडली, म्हणून त्याच्या घरी पोलीस यावेत, हे न्यायाचे नाही. त्याच्यासाठी वाचनालय हवे.

कायद्यापलीकडचा हिशेब

एवढ्यावर आपली सुटका होत नाही. आपल्या उपखंडातल्या उलेमांत या बाबतीत पूर्वी मतभेद होते. इल्म ही विकण्याची वस्तू नाही, ते लपवू नये, असे काही बुजुर्गांचे म्हणणे होते. पण १९८८ च्या डिसेंबरमध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात ठराव झाला, की लेखन आणि संशोधनावरचे हक्क शरीयतच्या दृष्टीने मान्य आहेत व त्यांवर अतिक्रमण करणे जायज नाही.

आपल्या परंपरेतही इल्म मोकळे होते, पण बेवारस नव्हते. हदीस सांगणारा आधी कुणाकडून ऐकली ते सांगे. उस्तादाची इजाजत घेऊन किताब पुढे शिकवली जाई. मापात कमी देणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. लिहिणाऱ्याची, छापणाऱ्याची, विकणाऱ्याची मेहनत घ्यायची आणि बदल्यात काहीच द्यायचे नाही, हे त्याहून वेगळे कसे? आणि हुकूकुल-इबादचा मामला असा, की ज्याचा हक्क बुडाला त्यानेच माफ करावे लागते.

घरोघरी काय करता येईल?

हलाल मार्ग आपण समजतो त्याहून पुष्कळ आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके, उर्दू माध्यमाचीसुद्धा, ई-बालभारतीवर मोफत आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके मोफत मिळतात. रेख्तावर उर्दू किताबांचा खजिना आहे. इक्बाल १९३८ मध्ये आणि साने गुरुजी १९५० मध्ये गेले. दोघांच्या लिखाणाची मुदत संपली आहे, ते मनमोकळेपणे वाटा. अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. आणि सर्वांत सोपे म्हणजे एक प्रत विकत घेऊन दहा जणांनी आळीपाळीने वाचणे. याला ना कायद्याची मनाई आहे, ना शरीयतची.

आम्ही ग्रुपवरची फाइल काढली आणि मुलांना कारणही सांगितले. शिक्षकांनी वर्गणी काढून त्या दुकानातून आठ प्रती घेतल्या. त्या आता वर्गाच्या कपाटात आहेत, सही करून घरी नेता येतात. दुकानदाराची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "सर, मुलांना फुकट देऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त आपल्या खिशातून द्या."

सदका आपल्या मालातून होतो, दुसऱ्याच्या नाही. हे आम्ही मुलांना शिकवत होतोच. आम्हाला ते पुन्हा शिकावे लागले.